मोरपिशी साडीतल्या काकू, मोरीपाशी बसलेल्या काकू

पत्राचा गोषवारा (ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत):

पत्र लिहिणारी २८ वर्षांची आहे. आजोबा गिरणी कामगार होते. संपानंतर बिऱ्हाड चाळीतून डोंबिवलीला हललं. ती नोकरी करते आणि गेलं दीड वर्ष दर रविवारी मुंबईतल्या एका बीडीडी चाळीत जाऊन तिथल्या कुटुंबांचे त्यांच्याच खोलीत फोटो काढते. इमारती पाडल्या जाण्याआधी ही घरं आणि ही माणसं नोंदवून ठेवायची, अशी तिची इच्छा आहे. आत्तापर्यंत ३४ कुटुंबं झाली. अडचण अशी, की फोटो म्हटलं की लोक नटतात. नवी चादर अंथरतात, दोरीवरचे कपडे काढतात आणि ओळीनं ताठ उभे राहतात. एका कार्यशाळेतले ज्येष्ठ छायाचित्रकार तिला म्हणाले, 'हे लग्नाच्या अल्बमसारखं झालंय, यात खरं आयुष्य कुठंय?' त्यानंतर एका रविवारी ती आजीच्या जुन्या शेजारणीकडे गेली. काकूंनी मोरपिशी साडी नेसून, काकांच्या हार घातलेल्या तसबिरीखाली बसून फोटो काढून घेतला. मग साडी बदलली, गाऊन घातला आणि मोरीपाशी भांडी घासायला बसल्या. दमलेल्या, केस सुटलेले, नजर कुठेतरी लागलेली. हिनं त्यांना न सांगता तो फोटो काढला. तोच आता एका प्रदर्शनासाठी निवडला गेलाय आणि निमंत्रणपत्रिकेवरही छापायचा आयोजकांचा विचार आहे. काकूंना यातलं काही ठाऊक नाही. त्यांच्या धाकट्या मुलासाठी स्थळं पाहणं चालू आहे. मोरपिशी साडीतला फोटो अजून हार्ड डिस्कवरच आहे, काकूंना दिलेला नाही. तिचा प्रश्न: 'काकू नेहमी म्हणतात, काढ गं, तुझंच घर आहे. ही परवानगी नाही का? आणि नटलेले फोटो लावले तर मी खोटं दाखवल्यासारखं नाही का होणार? ताई, तीन आठवडे उरलेत.'

प्रिय मैत्रिणी,

वेळ कमी आहे, म्हणून आधी तातडीचं सांगते. आजच आयोजकांना कळव, की हा फोटो पत्रिकेवर घेऊ नका, ज्यांचा आहे त्यांच्याशी माझं बोलणं व्हायचंय. याहून जास्त खुलासा द्यायची गरज नाही. पत्रिका एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर आली की चाळीत पोचायला एक दुपार पुरते. मग काकूंना विचारण्यात काही अर्थ राहत नाही.

आता सावकाश बोलू. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात 'खरं' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो आणि दर वेळी तो मोरीपाशी बसलेल्या काकूंच्या बाजूनं उभा राहतो. मोरपिशी साडीतल्या काकूंच्या वाट्याला तो एकदाही आलेला नाही. असं का झालं असेल, याचा विचार तू केलास का?

तू लिहितेस, 'नटलेले फोटो'. पण त्यांना तू नटवलं नाहीस, ते स्वतः नटले. सकाळपासून घर आवरलं, ठेवणीतली साडी काढली, काकांच्या तसबिरीवरची धूळ पुसली, कुठं बसायचं ते ठरवलं. तू कॅमेरा काढण्याआधी तासभर काकू हेच करत होत्या. 'मला असं बघा' हे त्यांनी त्यांच्या पद्धतीनं सांगितलं. साठ वर्षांची एक बाई स्वतःबद्दल विचार करून काही सांगते आहे आणि आपण म्हणतो, हे बाजूला ठेवा, आम्हाला खरं हवंय. हे मला पटत नाही.

यामागे माझी स्वतःची एक गोष्ट आहे, ती सांगते. माझं लहानपण लालबागच्या एका चाळीत गेलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले होते, त्यात माझे वडील. संप महिनोन् महिने लांबला. पावसाळ्यातल्या एका दुपारी एक बातमीदार आणि एक फोटोग्राफर आमच्याकडे आले. आई पोळ्या लाटत होती. ती खानावळ चालवायची, त्यावरच तेव्हा घर चाललं होतं. फोटोग्राफरनं तिला मांडणीवरचे डबे खाली घेऊन झाकणं उघडून ठेवायला सांगितलं. एका डब्यात रेशनचा तांदूळ होता. तो त्यांनी पायानं नाही, हातानंच, पण बाजूला सरकवला. बाकीचे रिकामे डबे आणि त्यांच्यामागे पदर खोचलेली, पिठाच्या हातांची माझी आई, असा फोटो निघाला.

चार-पाच दिवसांनी तो छापून आला. बातमी आमच्याच बाजूची होती, संपवाल्यांची कणव असलेली. शेजारच्या काकांनी अंक आणून दिला. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, 'निदान पदर तरी नीट करू द्यायचा.' डब्यांबद्दल ती काही बोलली नाही. पुढची कित्येक वर्षं घरात कुणी कॅमेरा काढला की आई कशाचं तरी निमित्त करून उठायची. तिचा तरुणपणीचा एकही धड फोटो आमच्याकडे नाही. छापलेल्या त्या फोटोची प्रतही कुणी आणून दिली नाही.

ते डबे खोटे होते का? बरेचसे खरेच होते. पण तांदळाचा डबाही खरा होता आणि नीट केलेला पदरही खरा असता. म्हणून तुझ्या 'खरं' या शब्दापाशी मी इतकी थांबले.

तू ज्या खोल्यांत जातेस त्यांच्याकडेच बघ. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं १९२० च्या दशकात बांधलेल्या या चाळी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, तळमजल्यावर तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या, मधून पॅसेज, संडास सामायिक. खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात पाच-सहा माणसं राहायची तर आवरणं हे पाहुण्यांसाठी केलेलं सोंग नसतं. रात्रीच्या गाद्या उचलल्याशिवाय सकाळचा चहा होत नाही, चहाची भांडी सरकल्याशिवाय पोराला अभ्यासाला जागा मिळत नाही, अभ्यास उठल्याशिवाय ताटं मांडता येत नाहीत. त्या घरात दिवसातून चार वेळा खोली बदलते. तू आलीस म्हणून पाचव्यांदा बदलली. नवी चादर हा त्या घराचा रोजचा उद्योगच आहे, तुझ्या वाटेतला अडथळा नाही.

आता एक काम कर. ३४ फोटो जमिनीवर मांड आणि त्या ताठ उभ्या ओळींकडे नीट बघ. खुर्ची कुणाला मिळाली? सून कुठं उभी आहे, की चहाचा ट्रे घेऊन चौकटीबाहेरच राहिली? बाबासाहेबांची तसबीर फोटोत यावी म्हणून कुणी जागा बदलली का? कुणी फ्रीजला टेकून उभं राहिलं, कुणी मुलीचं पदवीचं प्रमाणपत्र मागच्या खिळ्याला अडकवलं? रात्रपाळीचा थोरला झोपेतून उठून आला होता का, की त्याच्याशिवायच 'सगळे' झाले? हे सगळं लोकांनी स्वतःहून तुझ्यापुढे ठेवलंय. भांडी घासणाऱ्या बाईच्या पाठीपेक्षा यातून त्या घराबद्दल कमी कळतं, असं मला वाटत नाही.

फोटोंच्या दुनियेतही या वाटेनं गेलेली माणसं आहेत. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात मिल्टन रोगोव्हिन नावाचे एक गृहस्थ होते. व्यवसायानं चष्म्याचे डॉक्टर. १९५७ मध्ये कम्युनिस्ट ठरवून त्यांना चौकशी समितीपुढे बोलावलं गेलं, स्थानिक वर्तमानपत्रानं झोडपलं, गिऱ्हाईक तुटलं. मग त्यांनी कॅमेरा अधिक गंभीरपणे हातात घेतला. १९७२ पासून ते आपल्या दवाखान्याजवळच्या गरीब वस्तीत फिरू लागले. सोबत पत्नी अ‍ॅन असायची. सुरुवातीला लोकांना वाटायचं हा पोलिसांचा माणूस. रोगोव्हिन परवानगी विचारायचे, कसं उभं राहायचं ते लोकांवर सोडायचे, स्वतः एवढंच सांगायचे की कॅमेऱ्याकडे बघा. आणि पुढच्या खेपेला फोटोची प्रत घेऊन यायचे.

त्यांची कामगारांची मालिका तू मिळवून पाहच. एकाच माणसाचे दोन फोटो. पहिला पोलाद कारखान्यात, भट्टीसमोर, हेल्मेट घातलेला, काजळीनं माखलेला. दुसरा त्याच्या घरी, धुतलेल्या शर्टात, बायकोमुलांसोबत, सोफ्यावर. दोन्ही फोटोंत माणूस तुमच्याकडे सरळ बघतो. यातला कुठला खरा, हा प्रश्न मनात येतच नाही, कारण दोन्ही एकमेकांशेजारी ठेवलेत. तुझ्याकडे हे दोन्ही फोटो आहेत, एकाच दिवशी, एकाच खोलीतले. तू त्यातला एकच का निवडलास?

उलटं उदाहरणही आहे. १९३६ मध्ये वॉकर इव्हान्स या मोठ्या छायाचित्रकारानं अलाबामातल्या तीन कूळ-शेतकरी कुटुंबांचे घरी जाऊन फोटो काढले. त्यातलं एक कुटुंब रविवारच्या चांगल्या कपड्यांत एकत्र उभं राहिलं होतं, तोही फोटो त्यांनी काढला. पण पुढे १९४१ मध्ये पुस्तक आलं त्यात तो घेतला गेला नाही. फाटके कपडे आणि अनवाणी पाय मात्र जगभर गेले. इव्हान्स थोर होते यात शंका नाही, त्यांच्या त्या चौकटी मी आजही तासन्‌तास बघू शकते. पण त्या घरातल्या लोकांनी कुठला फोटो भिंतीवर लावला असता, हा प्रश्न मला सोडत नाही.

तुझ्या कार्यशाळेतल्या सरांवर मी सगळा दोष टाकणार नाही. त्यांना काहीतरी खटकलं ते बरोबरच असावं. तू पाठवलेले सहा फोटो मी पाहिले. सहाही उंबऱ्यात उभं राहून काढलेले, छातीच्या उंचीवरून, रुंद लेन्सनं, समोरून फ्लॅश मारून. कडेची माणसं ताणली गेलीत, कपाटाच्या आरशात फ्लॅशचा पांढरा डाग आलाय, सगळ्यांच्या सावल्या मागच्या भिंतीला चिकटल्यात. अल्बमसारखं दिसतं ते यामुळे. त्याचं खापर साडीवर फुटायला नको. ते कसं सुधारायचं ते पुढे सांगते. आधी परवानगीचं.

'काढ गं, तुझंच घर आहे.' हे वाक्य ऐकून मला माझ्या आजीचा आवाज आठवला. हा जिव्हाळा आहे, पण त्याला मर्यादाही असतात आणि त्या दोघींनाही न सांगता कळतात. 'तुझंच घर' म्हणणाऱ्या घरात आपण फ्रीज उघडून पाणी घेतो, कपाट उघडत नाही. काकूंनी 'काढ' म्हटलं ते साडी नेसून बसलेल्या काकूंचा. मोरीपाशी जाताना त्यांच्या दृष्टीनं फोटोचा कार्यक्रम संपला होता, आता फक्त शेजारणीची नात घरात बसली होती. तिच्यासमोर गाऊनमध्ये भांडी घासायला संकोच वाटला नाही, हा त्यांचा तुझ्यावरचा विश्वास. तो प्रदर्शनाला येणाऱ्या अनोळखी लोकांवरचा विश्वास नव्हे.

शिवाय घरात फोटो काढू देणं, तो भिंतीवर मोठा करून लावू देणं आणि फोनमधून जगभर जाऊ देणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तू फार तर पहिलीची परवानगी घेतलीस, तीही दुसऱ्या फोटोची. कायद्यानं फोटोवरचा हक्क सहसा काढणाऱ्याचाच असतो, त्यामुळे आयोजक तुला विचारतील आणि काकूंना विचारायची आठवण कुणालाच होणार नाही. ते काम तुझ्याशिवाय करणारं कुणी नाही.

विसाव्या शतकातला बहुधा सर्वांत प्रसिद्ध असा आईचा फोटो डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात निपोमो इथल्या शेतमजुरांच्या तळावर काढला. हनुवटीशी हात नेलेली, कपाळावर आठ्या पडलेली बाई आणि तिला बिलगलेली लेकरं. लँग सरकारी नोकरीत होत्या, त्या फोटोतून त्यांनी स्वतः पैसे कमावले नाहीत. वर्तमानपत्रात तो येताच तळासाठी सरकारनं धान्य पाठवलं हेही खरं. पण ते पोचलं तेव्हा ते कुटुंब पुढच्या कामाच्या शोधात निघून गेलं होतं. लँगनी त्या बाईंचं नावही विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स थॉम्प्सन हे त्यांचं नाव जगाला कळलं १९७८ मध्ये, बेचाळीस वर्षांनी. तेव्हा त्या म्हणाल्या की हा फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं. नाव विचारलं नाही, प्रत पाठवते म्हणाल्या आणि पाठवली नाही, अशी त्यांची तक्रार होती. आईच्या त्या 'निदान पदर तरी' शी हे किती जुळतं बघ. गरिबी दाखवली म्हणून राग नाही. आपल्याला माणूस म्हणून विचारलं नाही, याचा राग आहे.

तुझ्या पत्रात आणखी एक गोष्ट गृहीत आहे, की तू तिथलीच आहेस, म्हणून तुझी नजर बाहेरच्यासारखी असणार नाही. आजोबांच्या नात्यानं तुला दारं उघडली हे खरं. पण चाळ सोडून तुझ्या घराला तीसेक वर्षं झाली, आणि परत आलीस ती पाठीवर दीड-दोन लाखांचा कॅमेरा घेऊन. यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त ते लक्षात असू दे. परक्या माणसाला लोक 'नको' पटकन म्हणतात. ओळखीच्या मुलीला म्हणता येत नाही. म्हणून ओळखीतल्यांना जास्त जपून विचारावं लागतं.

आता तुझ्यापुढचे पर्याय.

काही न सांगता फोटो लावायचा, हा मी बाद करते. धाकट्या मुलाचं लग्न जमवणं चालू असताना आईचा असा फोटो शहरभर लागला, तर त्याचे अर्थ काय निघतील ते तुला माझ्याहून चांगलं माहीत आहे. असे अर्थ निघू नयेत हे मलाही मान्य. पण ते निघतात, आणि भोगायला काकू असतील.

चेहरा कापून किंवा अंधारात घालून लावायचा, असं तू सुचवलंयस. चाळीतला माणूस मांडणी ओळखतो, मोरीची फरशी ओळखतो, गाऊनचं कापड ओळखतो. त्यानं काकू फक्त अनोळखी लोकांपासून लपतील, ज्यांच्यासमोर त्यांना रोज उभं राहायचंय त्यांच्यापासून नाही.

काकूंना न विचारता गुपचूप फोटो मागे घ्यायचा, हा तुला सर्वांत सभ्य मार्ग वाटतो असं दिसतं. मला तो पुरेसा वाटत नाही. त्यातही निर्णय तूच घेतेस. कोण जाणे, काकू म्हणतील, 'लाव की. चाळीस वर्षं भांडी घासली, दिसू दे लोकांना.' कष्टाचा अभिमान असणाऱ्या कितीतरी बायका मी पाहिल्यात. त्यांच्या वतीनं लाज वाटून घेणं हाही त्यांना कमी लेखण्याचाच एक प्रकार आहे. आणि विचारलं नाहीस तर ते गुपित तुझ्या पोटात राहील. पुढच्या रविवारी त्यांच्या हातचा चहा तुला नीट जाणार नाही.

म्हणून जाऊन विचार. कसं विचारायचं, यावरच सगळं आहे.

फोनवर दाखवू नकोस. छोट्या पडद्यावर सगळेच फोटो गोड दिसतात आणि माणूस 'छान आहे गं' म्हणून मोकळा होतो. प्रिंट काढ. प्रदर्शनात केवढा लागणार आहे ते हातानं भिंतीवर मापून दाखव. पाणी भरायच्या वेळेला जाऊ नकोस, मुलाच्या आणि जावांच्या घोळक्यात विचारू नकोस. दुपारी काकू एकट्या निवांत असतील तेव्हा जा. आधी कबूल कर: 'हा मी तुम्हाला न सांगता काढला, चुकलं माझं.' मग कुठं लागणार, कोण बघायला येणार, पत्रिका कुठं फिरणार, नाव येणार का, विकला गेला तर काय, हे सांग. 'नाही म्हणालात तर मला वाईट वाटणार नाही' असं म्हणू नकोस, कारण ते खरं नाही आणि त्यांना ते कळेल. 'नाही म्हणालात तर मी तो लावणार नाही' एवढंच म्हण, आणि ते पाळ. लगेच उत्तर मागू नकोस. दोन दिवसांनी परत जा. 'बघ बाई तुला काय वाटतं ते', 'मुलाला विचारते', किंवा नुसतं हसून विषय बदलणं, या सगळ्याचा अर्थ आपल्याकडे 'नको' असाच असतो.

हो म्हणाल्या, तर दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावायचे अशी अट आयोजकांना घाल. ती त्यांनी मान्य केली नाही तर माझ्या मते मोरीचा फोटो मागे घे आणि साडीचा एकटा दे. तोही नको असेल तर हे प्रदर्शन सोडून दे. २८ व्या वर्षी हे फार मोठं वाटतं, मला कळतं. पण काकूंचा उंबरा गेला तर बाकीची दारंही हळूहळू लागतील. त्या मजल्यावर बातमी फिरायला वेळ लागत नाही.

आता उरलेल्या घरांसाठी, आणि असंच काम करणाऱ्या इतर वाचकांसाठी. यंत्रमागाच्या गावांतून, विडी कामगारांच्या वस्त्यांतून, ऊसतोडीच्या तळांवरून फोटो काढणाऱ्या तरुणांची पत्रं मला अधूनमधून येतात आणि प्रश्न थोड्याफार फरकानं हाच असतो.

पहिला फोटो त्यांचा. त्यांना हवं तसं, हव्या त्या कपड्यांत, हवं त्या जागी. घाई न करता, मनापासून काढायचा, उपचार म्हणून नाही. त्याचा प्रिंट पुढच्या भेटीत हातात द्यायचा, नुसता मोबाइलवर पाठवून भागत नाही. तो भिंतीवर लागला की पुढचं सगळं सोपं होतं. रोगोव्हिन बारा-तेरा वर्षांनी त्याच घरांत परत गेले तेव्हा काही ठिकाणी त्यांना स्वतःचे जुने फोटो जपून ठेवलेले दिसले. तुझ्या ३४ पैकी किती घरांत तुझा फोटो पोचलाय? पत्रात याचा उल्लेख नाही. नसतील दिले तर नवी घरं थांबव, आधी हे फेड.

रोजच्या कामातले फोटो हवे असतील तर तसं सांगून काढ. 'आता मी इथंच बसून तुमचं काम चालू असतानाचे काढते, चालेल?' असं विचारलं की लोक पाच मिनिटं अवघडतात आणि मग विसरतात. त्यांचं ते विसरणं त्यांना ठाऊक असताना घडतं, एवढाच फरक, पण तो मोठा आहे. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचं काम आणि त्यांची घरं वर्षानुवर्षं टिपली. ते फोटो बघताना जाणवतं की हा माणूस तिथं खूप वेळा गेलेला आहे. एका रविवारच्या फेरीत ते येत नाही.

१६० चौरस फुटांच्या खोलीत उंबऱ्यातून सगळं मावावं म्हणून आपण रुंद लेन्स लावतो आणि कडेच्या माणसांचे चेहरे बिघडवतो. ३५ मिलिमीटरची लेन्स लाव. सगळी खोली मावणार नाही, न मावू दे. जमिनीवर बस, कारण त्या घरात माणसं बहुतेक वेळ जमिनीवर किंवा पलंगाच्या कडेला बसलेली असतात, त्यांच्या डोळ्यांची पातळी तिथं असते. फ्लॅश बंद कर. खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट एकत्र आले की चेहऱ्याचा रंग दोन बाजूंना वेगवेगळा दिसतो, म्हणून विचारून ट्यूब घालव, खिडकीकडे तोंड करून बसव, छोटा ट्रायपॉड लाव. सकाळी दहाच्या उजेडात निम्म्या खोल्यांना फ्लॅश लागणारच नाही. दुसऱ्या बाजूच्या खोल्यांसाठी दुपारी जा. आणि ताठ उभ्या राहिलेल्यांचा फोटो झाला की कॅमेरा लगेच खाली घेऊ नकोस. 'झालं?' असं म्हणून ते एकमेकांकडे बघतात, सून पदर सोडते, पोरगं आजोबांच्या मांडीवर चढतं. त्या अर्ध्या मिनिटात मला दर वेळी काहीतरी सापडलंय, आणि तेव्हाही सगळ्यांना ठाऊक असतं की कॅमेरा चालू आहे.

खोलीत मावत नाही ते घर पॅसेजमध्ये असतं. चपलांचं कपाट, वाळवण, रात्री तिथं पडणारी तरुण पोरं. घरातले फोटो म्हणजे चार भिंतींतलेच, असं धरून चालू नकोस.

फोटोत मागे काय दिसतंय ते घरी जाऊन मोठं करून तपासायचं. खिळ्याला अडकवलेलं लाइटचं बिल, औषधांची पाकिटं, कॅलेंडरवर लिहिलेले फोन नंबर, भिशीचा हिशेब, मुलांच्या शाळेचं नाव. आजारपण आणि कर्ज या गोष्टी लोक शेजाऱ्यांपासूनही लपवून ठेवतात.

परवानगीचा कागद मराठीत, मोठ्या अक्षरात, एका पानाचा. घरात, प्रदर्शनात, ऑनलाइन, विक्री असे वेगळे रकाने, आणि नंतर मन बदललं तर कळवायला तुझा नंबर. एक प्रत त्यांच्याकडे. वाचता येत नसेल त्यांना वाचून दाखव, घाईनं अंगठा घेऊ नकोस. नाव कसं लिहायचं तेही विचार. 'गिरणी कामगाराची पत्नी' असं लिहिण्याआधी त्या बाईनं स्वतः आयुष्यभर काय काम केलं ते विचार. काकूंनी काय केलं, हे तुझ्या पत्रात कुठंच आलेलं नाही.

पैशांचं अवघड आहे. फोटोसाठी पैसे देऊन बसवलं की नातं बदलतं. पण बक्षीस मिळालं किंवा प्रिंट विकला गेला तर त्यातला वाटा घरात जायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. ते आधीच बोलून ठेव.

आणि पाडण्याआधी सगळं उरकायची घाई थोडी कमी कर. इमारत जाईल, कुटुंब तिथंच टॉवरमध्ये राहायला जाईल. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांचा ताबा द्यायला सुरुवात झालीसुद्धा. काकू लिफ्टनं वर जाऊन नव्या घरात तसबीर कुठल्या भिंतीवर लावतील, मोरी नसलेल्या स्वयंपाकघरात भांडी उभ्यानं घासताना कशा दिसतील, शेजारचं दार बंद असताना त्यांची दुपार कशी जाईल, हे टिपायला कुणीतरी लागेल. ते काम दहा-वीस वर्षांचं आहे आणि त्यासाठी काकूंच्या घरी तुझं जाणं-येणं राहायला हवं.

येत्या शनिवारी दोन्ही प्रिंट काढून घे, मॅट कागदावर, निदान आठ बाय दहा इंचांचे. काकूंकडे नेशील त्या पाकिटात मोरपिशी साडीतला वर ठेव, मोरीपाशी बसलेला खाली. वरचा हातात देऊन, तो त्यांचा त्यांनी बघून होईपर्यंत थांब. मग खालचा काढ.

तुझी ताई